गढीजवळची 38 एकर माळ, इंग्लंडसारखा सफारी पार्क होईल का?

गढीवाला_परभणी
राम राम मंडळी. प्रश्न जरा येगळा आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या. गावात आमची जुनी गढी आहे, म्हणजे होती म्हणा, दोन बुरुज उभे आहेत, तिसऱ्याची पांढरी माती लोकांनी माळवदावर टाकायला नेऊन नेऊन संपवली. गढीला लागून 38 एकर माळ आहे तिघा चुलत्यांच्या नावावर, सगळं मुरमाड, हिवर, बोरी, तरवड, पिकत काही नाही. तर झालं असं की माझा पुतण्या इंग्लंडला शिकायला गेलाय, तो लाँगलीट म्हणून कुठंतरी जाऊन आला अन् घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बॉनेटवर माकड बसलंय आणि वायपरचं रबर निवांत सोलायलंय, ऊस सोलल्यासारखं, अन् आत बसून हा हसायलाय. पुढं सिंह, जिराफ आणि एक भलामोठा वाडा, तिकडच्या कुण्या सरदाराचा. झालं, थोरले चुलते तवापासून पेटलेत, म्हणे त्याचा वाडा तशी आपली गढी, गाडीमागं 500 रुपये तिकीट लावू. त्यांना नाही कसं म्हणावं कळंना, अन् खरं सांगू का, मला पण थोडं थोडं वाटायलंय. कुणाला माहिती आहे का कसं असतंय हे?

ब्रिस्टलचा_पाहुणा
दादा मी मूळचा सेलूचा, इकडं सहा वर्षं झाली, लाँगलीट आमच्यापासून तासाभरावर, पाहुणे आले की तिथंच न्यावं लागतं त्यामुळं तोंडपाठ झालंय. वाडा 1580 चा. त्या घराण्याला दुसऱ्या महायुद्धानंतर वारसा कर एवढा बसला की जमीन विकावी लागली, म्हणून सहाव्या लॉर्ड बाथनी 1949 ला राहता वाडा तिकीट लावून लोकांना उघडला. तेवढ्यानं भागंना, मग जिमी चिपरफील्ड नावाचा सर्कसवाला भेटला अन् 1966 ला दोघांनी मिळून सिंह सोडले. आफ्रिकेबाहेर गाडीत बसून बघायचा हा पहिला सफारी पार्क. तेव्हा आसपासच्या लोकांनी लई बोंब मारली होती, सिंह सुटले म्हणजे?

आता तुमच्या चुलत्यांना एक सांगा, "मोकळे सिंह" म्हणतात ते आपल्याला वाटतंय तसं मोकळे नसतात. सगळ्या बाजूनं उंच कुंपण, एका भागातून दुसऱ्या भागात जायला एकामागं एक दोन गेट, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. काचा खाली घ्यायच्या नाहीत, कापडी टपाच्या गाडीला आत सोडत नाहीत. माकडांचा भाग ऐच्छिक आहे, गाडीवर जीव असेल तर बाजूच्या रस्त्यानं निघून जा म्हणतात. आमच्या साडूंनी ऐकलं नाही, त्यांची एरियल गेली. 😀 आणि इस्टेट जवळपास 10,000 एकरची आहे, सिंहांना त्यातला एक तुकडा दिलाय. 38 एकरात सिंह म्हणजे गोठा झाला.

रिटायर_गार्ड
ब्रिस्टलवाल्यांनी बरोबर सांगितलं. मी वनखात्यात 31 वर्षं काढली, आता कायद्याचं ऐका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानातल्या जनावराला संरक्षण आहे, तुमच्या सातबाऱ्यावर उभं असलं तरी. बाहेरून प्राणी आणून दाखवायचे म्हणलं की ते प्राणीसंग्रहालय झालं, आणि केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय ते चालवता येत नाही. डॉक्टर, पिंजरे, जागेचे नकाशे, सगळं लागतं. तिकीट लावायच्या आधीच चुलते केस लढत बसतील.

राहिली गढी अन् वाड्याची तुलना. इंग्लंडात कर बसला पण इस्टेटी टिकल्या, आपल्याकडं 1949 ला हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या गेल्या, पुढं जमिनीचा सीलिंग कायदा आला, कोरडवाहूला 54 एकरची मर्यादा. मग 10,000 एकर आणणार कुठून. राजेलोकांच्या शिकारीच्या जागांचे पार्क आपल्याकडं पण झाले, पण ते सरकारनं केले. भावनगरच्या महाराजांचं गवताळ रान होतं, काळविटांच्या शिकारीला राखलेलं, ते आता वेळावदर नॅशनल पार्क आहे, 34 चौरस किलोमीटर, म्हणजे 8,400 एकराच्या आसपास. अन् हैदराबादला कुणी सासुरवाडीला, दवाखान्याला जात असेल तर महावीर हरिण वनस्थळी बघा, ती निजामाची शिकारीची जागा. आपण पण तेव्हा त्याच्याच राज्यात होतो म्हणा, शिकारीला बोलावलं नाही कुणी एवढंच.

तूरवाला_जिंतूर
हे सगळं वाचून करमणूक झाली. सफारी पार्क काढायची गरजच नाही, माझ्या रानात या, फुकट आहे, चोवीस तास चालू. संध्याकाळी सहाला काळविटाचा कळप हरभऱ्यात, रात्री दहाला रोही म्हणजे नीलगाय तुरीत, पहाटं डुकरं. कुंपण माझ्याकडं पण आहे, बायकोच्या अन् आईच्या जुन्या साड्या बांधल्यात चारी बाजूनं, लांबून बघितलं तर लग्नाचा मांडव वाटतो. पहिले आठ दिवस बिचकले, नवव्या दिवशी एक रोही साडी शिंगात घेऊन गेला, आईची इरकल होती. यंदा कुंपणाच्या तारंला विजेचा झटका देणारं झटका मशीन घेतलं. नुकसानीचा अर्ज केला तर पंचनाम्याला माणूस येईस्तोवर शेंगा वाळून गेल्या. तवा गढीवाले भाऊ, तुम्ही अजून जनावरं आणायच्या आधी आम्हाला विचारा.

माळरानप्रेमी
तूरवाल्या दादांचं दुखणं खरं आहे, हसण्यावारी नेऊ नका. पण गढीवाले दादा, मला वाटतं तुमच्या पुतण्यानं गाव चुकवलं. लाँगलीट सोडा, नेपचं बघा. ससेक्समध्ये 3,500 एकरची जुनी इस्टेट, तिथं पण घराण्याचा वाडा आहे. जमीन भारी चिकणमातीची, पावसात ट्रॅक्टर रुतून बसणार, आपली काळी रुतते तशीच. वर्षानुवर्षं तोट्यात शेती केली, शेवटी 2000 साली दुधाच्या गायी अन् अवजारं विकली अन् रान सोडून दिलं. सिंह-बिंह काही नाही. लाँगहॉर्न गायी, टॅमवर्थ डुकरं, एक्समूर तट्टू अन् हरणं सोडली, आतली कुंपणं काढली, बाहेरचं तेवढं ठेवलं. डुकरं जमीन उकरतात, त्या उकरलेल्या जागी नवीन झाडोरा येतो, त्यात पाखरं येतात. 2020 ला तिथं पांढऱ्या करकोच्याची पिल्लं निघाली, ब्रिटनमध्ये कैक शतकांनी. लोक तंबूत राहायला पैसे देऊन जातात, मांस पण विकतात.

आपल्याकडं डुकरांचं नाव काढलं तर तूरवाले दादा मला शोधत येतील. पण लाल कंधारी आहे, देवणी आहे, ह्याच मातीतल्या गायी. 38 एकर म्हणजे छोटंच रान, पण पावसाळ्यात चराईबंदी ठेवा, दिवाळीनंतर चार-पाच गायी सोडा, काय होतं बघा. पवन्या, मारवेल असलं गवत आपोआप वर येतंय. हात जोडून सांगतो, झाडं लावू नका, वृक्षारोपणवाले खड्डे घेऊन येतीलच, त्यांना चहा पाजून वाटं लावा. माळ हे गवताचं रान आहे, तित्तर, चंडोल, खोकड, नशीब असंल तर लांडगा, ह्यांना उघडं रानच लागतंय. इंदापूरजवळ कडबनवाडीच्या माळावर लोक पैसे भरून हेच बघायला जातात.

गढीवाला_परभणी
सगळ्यांचे आभार. रात्री जेवताना चुलत्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सिंह नाही म्हणल्यावर ताटावरून उठले. मग ओट्यावर जाऊन बसले, थोड्या वेळानं आतल्या आत म्हणले, आमच्या आज्ज्याकडं लाल कंधारीच होत्या की, अकरा होत्या. सकाळी उठून मलाच विचारायलेत, कंधारच्या बाजारात आता गायीचा भाव काय चाललाय. कुणाला माहिती असंल तर सांगा, गाभण नको, दुसऱ्या वेताच्या चालतील.

तूरवाला_जिंतूर
भाव सांगतो, चुलत भाऊ तिकडंच असतोय. पण गायी आणायच्या आधी माझ्यासारख्या कुणाचं रान तुमच्या माळाला लागून असंल तर त्या बांधानं जाळी मारा. साड्या नको.