पंखा फिरतोय, मग राउटर मेला कसा?

वाडीनाका (धागाकर्ता)

नागपूरजवळ अमरावती रोडवर वाडीत आमची ट्रान्सपोर्ट कंपनी आहे. हेड ऑफिस आणि विदर्भात सात शाखा. इंटरनेटची लीज लाइन ज्या राउटरवर उतरते तो सिस्को कंपनीचा २९११, मार्च २०१६ ची खरेदी. या मालिकेची विक्री ९ डिसेंबर २०१७ ला थांबली आणि सपोर्ट ३१ डिसेंबर २०२२ ला संपला. म्हणजे आता त्यात एखादं सुरक्षेचं भोक सापडलं तर ते बुजवणारं कोणी नाही.

परवा बदलायचा प्रस्ताव घेऊन शेठजींकडे गेलो. ते उठून थेट सर्व्हर रूममध्ये आले, राउटरच्या मागे हात धरला आणि म्हणाले, "हवा येते. पंखा फिरतोय, दिवे हिरवे आहेत. मग मेला कुठे?" मी तारीख दाखवली. "ही तारीख ज्यानं विकला त्यानंच ठरवली ना?" यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, हे कबूल करतो.

नंतर सुचलं ते इथे लिहितो. तारीख कंपनीनं ठरवली खरी, पण लपवली नव्हती. विक्री थांबल्यावर पाच वर्षं हातात होती. त्या पाच वर्षांत आम्ही ट्रक घेतले, वजनकाटा बसवला, केबिनला दोन एसी लावले. राउटरचं नाव एकाही बजेटात आलं नाही. ट्रकचं फिटनेस संपायच्या महिनाभर आधीपासून आरटीओच्या चकरा मारणारे आम्ही, राउटरची तारीख मात्र उलटून गेल्यावर कळली. दोष माझाही आहे, मी २०१९ पासून तिथे आहे.

तारीख उलटलेला राउटर चालू ठेवावा का? बिनधास्त मतं द्या.

तर्रीबाज

शेठजी बरोबर बोलले भाऊ. मी बर्डीवर वीस वर्षांपासून हेच रिपेर करून राहिलो. नागपुरात मशीन तारखेनं मरत नाही, मे महिन्यानं मरते. बाहेर ४५ डिग्री, सर्व्हर रूमचा एसी रविवारी बंद, आणि कोणीतरी शहाणा खिडकीत कूलर लावून देतो. ओली हवा अन् धूळ एकदमच आत. कॅपॅसिटरचा साधा हिशोब आहे, दहा डिग्री वाढली की आयुष्य अर्धं. माझ्याकडे उन्हाळ्यात जे पॉवर सप्लाय येतात, झाकण उघडलं की कॅपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं दिसते. तीस-चाळीस रुपयांचा माल. बदलला की मशीन पुन्हा उभी.

नवीन घेशील तर दरवर्षी लायसन्सचे पैसे भरत बस. काऊन भरायचे? पंखा साफ कर, एक स्पेअर सप्लाय ठेव, आणखी पाच वर्षं चालते.

रामटेककर

तर्रीबाज, तुमच्या हाताला सलाम, पण कॅपॅसिटर बदलून सॉफ्टवेअरचं भोक बुजत नाही. मी एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळतो.

नेमकं उदाहरण देतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सिस्कोच्या आरव्ही ११०डब्ल्यू, आरव्ही १३०, आरव्ही २१५डब्ल्यू वगैरे छोट्या राउटरांत गंभीर भोक सापडलं. लॉगिनसुद्धा न करता बाहेरच्याला आत शिरता येत होतं. कंपनीनं जाहीर केलं की ही मॉडेलं मुदतीबाहेर आहेत, पॅच, म्हणजे भोक बुजवणारं सॉफ्टवेअर, निघणार नाही. ज्याच्याकडे ती होती त्याचाही पंखा फिरतच होता.

"वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे कोण लागणार" असं शेठजी म्हणतील. तुमच्या मागे कोणी लागत नाही, तुमच्या राउटरच्या आडून दुसऱ्याच्या मागे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं एक बॉटनेट (गुपचूप ताब्यात घेतलेल्या यंत्रांचं जाळं) मोडल्याचं जाहीर केलं. चिनी हॅकरांनी त्यात छोट्या ऑफिसांचे आणि घरचे शेकडो राउटर वापरले होते, आणि त्यातले बहुतेक सिस्को व नेटगिअरचे सपोर्ट संपलेले होते. मालकांना पत्ताच नव्हता, कारण त्यांचं इंटरनेट व्यवस्थित चालू होतं.

आणि आपल्याकडे सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, १८० दिवसांचे लॉग (राउटरच्या नोंदी) जपायचे. वाडीनाका, तुमचे लॉग कुठे जातात?

वाडीनाका

राउटरच्या बफरमध्येच. लाईट गेली आणि यूपीएस बसला की सगळं साफ. आता हसू नका.

पॅचकुठाय

हसत नाही, पण रामटेककरांशी वाद घालतो. सपोर्ट चालू म्हणजे सुरक्षित, हा समज तारीख उलटण्यापेक्षा जास्त महागात पडतो. ऑक्टोबर २०२३ आठवा. सिस्कोच्या आयओएस एक्सई या सॉफ्टवेअरच्या, सेटिंग करायच्या वेब पानात १० पैकी १० गुणांचं भोक निघालं. ही सगळी सपोर्टमधली, दणकून पैसे मोजलेली उपकरणं. पॅच यायच्या आधीच जगभरात हजारो राउटर-स्विच ताब्यात गेले होते. वाचले कोण? ज्यांनी ते वेब पान इंटरनेटला उघडं ठेवलं नव्हतं ते.

उलट बाजू मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांची. त्यांच्या विनबॉक्स या सेटिंगच्या प्रोग्रॅममधल्या भोकाचा पॅच एप्रिल २०१८ मध्ये आला, तोही फुकट. ऑगस्टपर्यंत लाखांवर राउटर चोरांसाठी क्रिप्टो नाणी खणायला लागलेले होते, कारण पॅच कोणी टाकलाच नव्हता. आणि सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या सोयीतलं भोक, पॅच मार्च २०१८ चा. ऑगस्ट २०२५ मध्ये एफबीआय इशारा देते की रशियन अजून त्याच भोकातून शिरताहेत! सात वर्षं!

माझा वाडीनाकांना प्रश्न. २९११ ला शेवटची आयओएस (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) मालिका १५.७ ची मिळाली. तुमच्याकडे ती तरी आहे का? शो व्हर्जन ही कमांड मारा आणि इथे लिहा.

वाडीनाका

मारलं. १५.२ आहे. म्हणजे खरेदीच्या दिवशी जे होतं तेच. अपटाइम (न थांबता चालू) मात्र ४११ दिवस, त्याचा आतापर्यंत अभिमान वाटायचा.

पॅचकुठाय

बघा! मुद्दा हाच. तुमचा राउटर २०२२ ला सपोर्टबाहेर गेला असं तुम्ही म्हणता. तो २०१६ पासूनच बाहेर आहे. नवीन घेतलात तरी २०३३ मध्ये त्यावरही खोक्यातून निघालेलंच सॉफ्टवेअर असणार. मग शेठजींचे पैसे कशाला घालवता?

रामटेककर

हे म्हणजे औषध घेतलं नाही, म्हणून दवाखानाच नको. पॅच टाकला नाही हा दोष सुधारता येतो, आज रात्री सुद्धा. पॅच निघणारच नसेल तर सुधारणार काय?

मोकळाढाकळा

ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर टाका, विषय संपला.

पॅचकुठाय

२९११ वर? ते घरच्या वायफाय राउटरांना ठीक. तिथेही ४ एमबी फ्लॅश मेमरीवाल्या जुन्या डब्यांना १९.०७ आवृत्तीनंतर जागा उरली नाही. मुक्त सॉफ्टवेअरलाही मुदत असते भाऊ, फक्त ती विकणारा ठरवत नाही, फ्लॅश ठरवते.

हिशोबनीस

मी सीए आहे, नेटवर्कमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण शेठजींना पटेल अशी भाषा देतो. कंपनी कायद्याच्या अनुसूची २ मध्ये सर्व्हर आणि नेटवर्कचं उपयुक्त आयुष्य ६ वर्षं धरलंय. मार्च २०१६ ची खरेदी म्हणजे मार्च २०२२. तुमच्या ताळेबंदात तो राउटर सपोर्ट संपायच्या नऊ महिने आधीच निजधामाला गेला. आयकरात संगणकाचा ४० टक्के घसारा पूर्ण पाच वर्षं धरला तर एक लाखाचे ७,७७६ रुपये उरतात.

म्हणजे तारीख फक्त विकणाऱ्यानं ठरवली हे खरं नाही. शेठजींनी स्वतः सही केलेल्या कागदावर ती आहे. सहा वर्षं घसाऱ्याचा फायदा घ्यायचा आणि सातव्या वर्षी "अजून चालतोय" म्हणायचं, हे मी रोज बघतो. एरवी माझी हरकत नसते.

फाइलनंबरनऊ

खासगीत तुम्हाला एक शेठजी पटवायचा असतो. मी सरकारी खात्यात आहे. प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, टेंडर, फेरटेंडर... एकदा माल आला तेव्हा त्या मॉडेलची विक्री थांबल्याची घोषणा झालेली होती. सर्वांत कमी दरवाला जुना साठा खपवतो, कागदावर सगळं नियमात. तेव्हापासून टेंडरात ओळ घालतो: पुरवठ्याच्या दिवशी मॉडेल विक्री थांबल्याच्या यादीत नसावं, आणि त्या दिवसापासून पाच वर्षं सुरक्षा पॅच मिळतील असं उत्पादकाचं पत्र हवं. पुरवठादाराचं नाही, उत्पादकाचं. अख्ख्या फाइलीत कामाची ती एकच ओळ.

तर्रीबाज

बाप्पा, सीएसुद्धा मैदानात! हे घ्या, माझ्याच विरोधात एक किस्सा. मागच्या महिन्यात भंगारातून एक राउटर उचलला. कन्सोल लावला, शो रन कमांड मारली, तर कोण्या संस्थेचं पूर्ण कन्फिग, म्हणजे सगळी सेटिंग, आत. शाखांची नावं, आयपी, व्हीपीएनची किल्ली जशीच्या तशी. संस्था कोणती ते सांगत नाही. म्या पुसून टाकलं, पण दुसरा कोणी असता तर?

म्हणून म्हणतो, ज्याला बदलायचा त्यानं बदलावा, पण फेकायची घाई करू नका. माझं मत तेच आहे. आतल्या कामाला जुना राउटर झकास चालते.

रामटेककर

आतल्या कामाला चालतो, यावर माझाही विरोध नाही. इंटरनेटच्या तोंडाशी नको, एवढंच पहिल्यापासून म्हणतोय.

पॅचकुठाय

पहिल्या प्रतिसादात असं म्हणाला नव्हतात. असो.

वाडीनाका

काल रात्री १५.७ चढवलं. फ्लॅशमध्ये जागा नव्हती, २०१६ ची इमेज उडवावी लागली. रीलोड दिल्यावर तो परत उठेपर्यंतची मिनिटं मी सर्व्हर रूममध्ये उभ्यानं काढली. वेब पान आणि टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी, असुरक्षित सोय) बंद केलं, एसएनएमपीचा (दुरून राउटरची माहिती वाचायची सोय) "पब्लिक" हा सगळ्यांना ठाऊक पासवर्ड काढला (होय, होता), लॉग एका जुन्या डेस्कटॉपवर पाठवायला लावले.

सकाळी हिशोबनीसांची ओळ शेठजींना ऐकवली. ते बराच वेळ ताळेबंद बघत बसले. इंटरनेटच्या तोंडाशी नवीन फायरवॉल (बाहेरच्याला अडवणारं खोकं) मंजूर केली. २९११ मागे सरकून फक्त शाखांच्या लाइनी बघणार. नवीन खोक्यावर मार्करनं तारीख लिहायची म्हणाले, ट्रकच्या दारावर लिहितात तशी. मात्र तीन दरपत्रकं मागितली आहेत, म्हणजे दिवाळी उजाडेल.

तर्रीबाज

२९११ कधी काढलाच तर पॉवर सप्लाय माझ्यासाठी ठेवजो. पण आधी राइट इरेज मारून सगळी सेटिंग पुसजो भाऊ.