स्क्रीन प्रिंटमधील चित्रांपासून नेमके काय घ्यावे?

सडाफुली

नमस्कार. मी उपयोजित कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. या सत्रातील प्रकल्पासाठी मला कास पठारावरील पावसाळी फुलांची एक छोटी चित्रपुस्तिका करायची आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेले 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे काळ्या हातकागदावर स्क्रीन प्रिंटने (जाळीतून शाई दाबून) छापलेले पुस्तक ग्रंथालयात हाती आले आणि तेव्हापासून त्या सपाट, ठाम रंगांनी मनात ठाण मांडले आहे. त्याच धर्तीवर मी संगणकावर काही पाने केली. मोजके रंग घेतले, त्यांवर शाईच्या कणांचा पोत टाकला आणि एक रंग मुद्दाम किंचित सरकवून ठेवला. मार्गदर्शकांचे म्हणणे असे पडले की चित्र संगणकावरचेच राहिले आहे आणि छपाई त्याला वरून चिकटवलेली आहे. हे मला पटते, परंतु पुढे काय करावे ते उमगत नाही. या माध्यमापासून प्रेरणा घ्यायची म्हणजे त्यातले नेमके काय घ्यायचे? त्यासाठी प्रत्यक्ष छापणे अपरिहार्य आहे का?

शाईवाला

माझा व्यवसायच स्क्रीन छपाईचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण उल्लेख केलेल्या पुस्तकापासूनच सुरुवात करू, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याच्या कागदात आहे. ऑफसेटची, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या यंत्रछपाईची, शाई अतिशय पातळ बसते आणि बहुतांशी पारदर्शक असते. काळ्या कागदावर ती जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून ऑफसेटवर असे पान करायचे तर पांढऱ्या कागदावर काळी पार्श्वभूमी छापून चित्राची जागा कोरी सोडावी लागते. स्क्रीनमध्ये स्क्वीजीच्या (रबरी पट्टीच्या) दाबाने शाई जाळीतून खाली उतरते, तिचा थर जाड बसतो, आणि अपारदर्शक शाई घेतली तर काळा कागदसुद्धा झाकला जातो. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडे त्या पुस्तकात अंधारातून वर आल्यासारखी दिसतात, त्याचे एक कारण हे आहे की तिथे काळोख आधीपासून कागदातच आहे आणि झाड त्यावर चढवलेले आहे. पान दिव्याखाली तिरपे धरून पाहावे, शाईची कड कागदाच्या किंचित वर उठलेली दिसेल.

दुसरी गोष्ट चित्र काढण्याच्या रीतीची. आमच्याकडे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र फ्रेम (जाळी ताणून बसवलेली चौकट) लागते आणि प्रत्येक फ्रेमसाठी पारदर्शक फिल्मवर किंवा बटर पेपरवर काढलेले स्वतंत्र पॉझिटिव्ह. हे पॉझिटिव्ह नेहमी गडद काळेच असते, मग त्या फ्रेममधून पिवळी शाई जाणार असो वा जांभळी. प्रकाशाने कडक होणाऱ्या रसायनाचे कोटिंग केलेली जाळी, वर पॉझिटिव्ह ठेवून, प्रकाशाखाली धरली की उघडा भाग कडक होतो, काळ्याच्या आडोशाला राहिलेला भाग पाण्याने धुऊन निघतो आणि तेवढ्याच वाटेने शाई जाते. करडी छटा तिथे चालत नाही. जागा एक तर उघडी असते किंवा बंद. (छटा हवीच असेल तर ती टिंबांत फोडावी लागते.) त्यामुळे इथे चित्रकार रंगीत चित्र काढतच नाही. तो काही काळी चित्रे काढतो आणि ती एकमेकांवर पडल्यावर काय होईल याचा हिशेब आधी मनात मांडतो. पारदर्शक शाया घेतल्या तर तीन फ्रेममधून सात रंग मिळतात आणि कोऱ्या कागदाचा आठवा. अपारदर्शक घेतल्या तर हे गणित मोडते आणि कोणती शाई आधी, कोणती नंतर, यालाच सारे महत्त्व येते.

तेव्हा माझा सल्ला असा आहे की संगणकावर केलेली पाने बाजूला ठेवावीत, एकच फूल घ्यावे आणि ते दोन बटर पेपरवर फक्त काळ्या शाईने काढावे. मग जवळच्या एखाद्या लग्नपत्रिका छापणाऱ्या कारखान्यात जाऊन ते छापून घ्यावे. एका फ्रेमचा खर्च फार नसतो आणि हंगाम नसेल तर कारागीर आवडीने शिकवतात.

भिंतपत्र

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण जाड शाईचे आणि हातकागदाचे कौतुक जरा जास्त होते आहे असे वाटते. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत विद्यार्थ्यांनी आंदोलनाची पोस्टर काढायला घेतली, तेव्हा आरंभ शिळाछापाने झाला होता. तो फार संथ पडला म्हणून ते स्क्रीनकडे वळले. बहुतेक पोस्टर एकाच रंगात आणि सहीविना. तिथे सौंदर्यदृष्टीपेक्षा घाई मोठी होती आणि त्या घाईतूनच त्यांची आडदांड, दुरून वाचता येणारी रेषा आली. क्युबातील हवानामध्ये १९५९ साली स्थापन झालेल्या चित्रपट संस्थेची पोस्टर अगदी निराळी आहेत, एदुआर्दो मुन्योस बाक्स यांची खेळकर आणि रंगांनी भरलेली, आणि तीही स्क्रीनवरचीच. माध्यम एक असूनही दोन्हींत साम्य शोधायला गेले तर फारसे सापडत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर तारा बुक्सचेच 'डू!' पाहावे. रमेश हेंगडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची वारली चित्रे तपकिरी कागदावर पांढऱ्या शाईने छापलेली आहेत. गेरू सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची ही कला मुळातच एका रंगाची असल्यामुळे स्क्रीनवर येताना तिला काहीच सोडावे लागले नाही. 'प्रेरणा' या शब्दापेक्षा ही जुळणी मला मोलाची वाटते: आपल्या विषयाला हे माध्यम मुळात मानवते का, हे आधी तपासावे.

आणि तो मुद्दाम सरकवलेला रंग कृपया काढून टाकावा. चांगला मुद्रक रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांशी नेमक्या जागी जुळणे) चुकलेले पान रद्दीत टाकतो. एका रंगाची कड दुसऱ्याखाली अर्धा-एक मिलिमीटर सारून दोन रंगांमधली फट दिसू नये म्हणून तो आधीपासून धडपडत असतो. त्याने जे टाळले तेच आपण शैली म्हणून मिरवायचे, हे मला तरी खटकते.

सडाफुली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सरकवलेला रंग काढला. कासचा काळपट कातळ आणि त्यावरची फुले, म्हणजे काळा कागद विषयाला मानवेल असे आता वाटते. पांढऱ्या गेंदांसाठी एक, पिवळ्या सोनकीसाठी एक आणि सीतेच्या आसवांच्या जांभळ्यासाठी एक, अशा तीन फ्रेमचा विचार आहे. तेरड्याचा गुलाबी नाइलाजाने वगळते. दोन शंका आहेत: पिवळा काळ्यावर उठेल का, आणि भर पावसाळ्यात हातकागदावर छापणे योग्य ठरेल का?

शाईवाला

पिवळा थेट काळ्यावर छापला तर हिरवट आणि मळका दिसतो, शाई कितीही अपारदर्शक म्हटली तरी. त्याखाली पांढरा हवाच. त्यासाठी वेगळी फ्रेम मात्र करू नये. गेंदांच्या पांढऱ्या पॉझिटिव्हवरच सोनकीच्या पाकळ्यांचे आकार काढावेत आणि पिवळ्याच्या पॉझिटिव्हमध्ये तेच आकार अर्ध्या मिलिमीटरने मोठे ठेवावेत, म्हणजे पांढरी कड बाहेर डोकावणार नाही. जांभळ्याच्या बाबतीत मी वेगळे सुचवेन: काही आसवांखाली पांढरा द्यावा आणि काही थेट कागदावर छापावीत. एकाच शाईचे दोन जांभळे मिळतील, एक उजळ आणि एक कातळात मिसळून गेल्यासारखा, आणि जवळची-लांबची फुले त्यातूनच वेगळी काढता येतील. देठांची रेषा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये. हातकागदाच्या खडबडीत पृष्ठभागावर ती तुटते.

पावसाळ्याची शंका रास्त आहे. कागद हवेतील ओल पिऊन फुगतो आणि कोरड्या हवेत पुन्हा आकसतो, त्यामुळे पहिला रंग आज आणि दुसरा चार दिवसांनी असे केले तर रजिस्ट्रेशन जागेवर राहत नाही. कागद कापून किमान एक दिवस छपाईच्याच खोलीत मोकळा पसरून ठेवावा, तिन्ही रंग शक्यतो सलग उरकावेत आणि सुकवताना पंख्याचा थेट झोत टाळावा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत प्रत्यक्ष जाऊन, हात लावून त्यातल्या त्यात गुळगुळीत कागद निवडावा आणि लागणार आहे त्यापेक्षा थोडा जास्तच घ्यावा, कारण पहिली काही पाने फ्रेम जागेवर बसवण्यातच खर्ची पडतात.