बॉल माउंट चोरीला गेला; आता हिचला कुलूप कुठे आणि कोणते लावावे?

प्रश्न — मागचा_गोळा

माझ्या पिकअप ट्रकला दोन इंची रिसीव्हर, म्हणजे हिचची (ट्रेलर ओढायच्या जोडणीची) चौकोनी नळी आहे आणि त्यात बॉल माउंट, म्हणजे ओढायचा गोळा बसवलेला दांडा, कायम अडकवलेला असे. तो धरून ठेवायला नेहमीची वाकडी पिन आणि तिच्या टोकाला स्प्रिंगची क्लिप, एवढेच होते. गेल्या आठवड्यात सकाळी गाडी काढायला गेलो, तर माउंट आणि त्यावरचा गोळा दोन्ही गायब होते. क्लिप मात्र मागच्या चाकापाशी जमिनीवर तशीच पडलेली होती. म्हणजे चोराला हत्यार असे काही लागलेच नाही. नवा माउंट घेण्यापूर्वी विचारतो की, कुलपाची पिन बसवली म्हणजे काम झाले का, तिचे माप कसे ठरवायचे, आणि ट्रेलर सोडून ठेवलेला असताना त्याच्या कपलरची, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या तोंडाची, काळजी कशी घ्यायची?

उत्तर — जुना_ओढकरी

कुलपाची पिन जरूर घ्या, परंतु ती फक्त एका सांध्याची राखण करते, हे लक्षात असू द्या. आपल्याकडे असे तीन सांधे आहेत: रिसीव्हर आणि माउंट, माउंट आणि गोळा, गोळा आणि कपलर. पिनेला कुलूप असले तरी माउंटच्या खालचा नट पान्याने सोडवून नुसता गोळा नेता येतो. नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतका आवळलेला असेल तर तेवढ्यासाठी लांब दांड्याचा पाना आणि बराच जोर लागतो, म्हणून तो अधूनमधून तपासावा. गोळा माउंटला वेल्ड करून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. त्या उष्णतेने पोलादाची ताकद कमी होऊ शकते, आणि ओढताना सगळा भार त्याच गोळ्यावर असतो.

मापाचे म्हणाल, तर दोन इंची रिसीव्हरला साधारणपणे ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर जाडीची पिन लागते, आणि सव्वा इंचीला १/२ इंचाची. जाडीपेक्षा लांबीत लोक अधिक फसतात. रिसीव्हरच्या तोंडाशी जाड कडे असेल, तर भोकाच्या जागी बाहेरून बाहेरपर्यंतचे अंतर मोजूनच पिन घ्यावी. पिन आखूड असेल तर कुलूप बसतच नाही, आणि फार लांब असेल तर ती आतबाहेर सरकत खडखडते.

कपलरचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे नुसता माउंट नव्हे, अख्खा ट्रेलर जातो. कपलर बंद करणाऱ्या खिटीच्या भोकातून लहानसे कुलूप अडकवले की कपलर उघडत नाही आणि चोराचा गोळा आत शिरत नाही, हे खरे. पण सुरक्षा साखळ्या आपल्या गाडीला गुंडाळून तो ट्रेलर फरफटत नेऊ शकतो. म्हणून साखळ्या लोंबत ठेवू नयेत आणि एका चाकाला क्लॅम्प लावावा. कपलरच्या खोबणीत खोटा गोळा बसवून वरून आडवी कडी आवळणारी कुलपे सर्रास दिसतात, मात्र त्यांपैकी ज्यांचे अंग ॲल्युमिनियमचे असते ती पहारीच्या आणि हातोडीच्या माराला फार वेळ टिकत नाहीत. कपलरचे संपूर्ण तोंड झाकणारे आणि कडी बाहेर न दिसू देणारे पोलादी कुलूप महाग पडते, परंतु बोल्ट कटरचे जबडे घालायला त्यात जागाच उरत नाही. अँगल ग्राइंडरपुढे कोणतेही कुलूप अभेद्य नाही. आवाज आणि ठिणग्या मात्र त्याला लपवता येत नाहीत.

उत्तर — रिकामा_रिसीव्हर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण सर्वांत स्वस्त उपाय त्यात राहून गेला आहे. ओढायचे नसेल तेव्हा माउंट काढून गाडीत ठेवावा आणि रिसीव्हरच्या तोंडाला रबरी टोपण लावावे. जे बाहेर दिसतच नाही, त्याच्यासाठी कोणी वाकून पाहत नाही. शिवाय मागून जाताना नडगीवर गोळा आदळत नाही, हा फायदा मला चोरीपेक्षाही आधी पटला होता.

मागचा_गोळा

दोघांचेही आभार. एक शंका राहते. माझ्या ओळखीतील एकाची कुलपाची पिन पावसाळ्यानंतर अशी अडकली की शेवटी त्याला स्वतःचीच पिन करवतीने कापावी लागली. हे कसे टाळावे?

उत्तर — जुना_ओढकरी

दांडी आणि किल्लीचे भोक यांचा वेगवेगळा विचार करावा. पिनेच्या दांडीवर ग्रीसचा पातळ थर चालतो, कारण तिथे गंजामुळे पोलाद पोलादाला चिकटते. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस कधीही घालू नये. ते धूळ धरून ठेवते आणि आत चिखलाचा गोळा तयार होतो. तिथे ग्रॅफाइटची कोरडी पूड फुंकावी आणि कुलपाची रबरी टोपी न चुकता लावावी. महिन्यातून एकदा पिन पूर्ण बाहेर ओढून पुसली, तर ती अडकण्याची वेळ सहसा येत नाही. आणि किल्लीवर कोरलेला क्रमांक दुसरीकडे लिहून ठेवावा. मी तो किल्लीच्याच जुडग्याला चिठ्ठी बांधून ठेवला होता, आणि जुडगा हरवला तेव्हा चिठ्ठीही त्याच्याबरोबर गेली.

उत्तर — किंगपिनवाला

मोठ्या ट्रेलरचे कोणी वाचत असतील, तर त्यांच्यासाठी थोडेसे. तिथे गोळ्याऐवजी किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची उभी पोलादी खुंटी असते, बहुतेक ठिकाणी दोन इंच व्यासाची, आणि जड वाहतुकीत साडेतीन इंचाची. कुलूप त्याच मापाचे घ्यावे. ते किंगपिनवर चढवले की दुसऱ्या हॉर्सच्या (ओढणाऱ्या ट्रकच्या) पाचव्या चाकाचे, म्हणजे त्यावरच्या जोडणीच्या तबकडीचे, जबडे तिला पकडू शकत नाहीत. त्याच्या जोडीला हवेच्या लाल नळीच्या जोडणीवरही कुलूप लावता येते. त्या नळीतून हवा मिळाल्याशिवाय ट्रेलरचे स्प्रिंगवाले ब्रेक सुटत नाहीत. ते हाताने सोडवण्याची युक्ती आहे, पण त्यासाठी प्रत्येक ब्रेक चेंबरपाशी आडवे होऊन बोल्ट फिरवत बसावे लागते.