“सध्या काय चाललंय?” – नोकरी नसतानाच्या दिवसांचे अनुभव

शिक्षण संपल्यापासून पहिला धड पगार हातात पडेपर्यंत मला तीन वर्षं आणि चार महिने लागले. त्या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न शीर्षकात आहे. पहिल्या वर्षी मी ‘अर्ज टाकतोय’ म्हणायचो, दुसऱ्या वर्षी ‘तयारी चालू आहे’, आणि तिसऱ्या वर्षी नुसतं ‘बघतोय’. फार सोयीचा शब्द. तो उच्चारला की पुढचं कुणी विचारत नाही, बोलणं हवापाण्यावर जातं.

धागा काढायचं निमित्त वेगळंच घडलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४चा तरुणांच्या रोजगारावरचा अहवाल चाळत होतो. २०२३मध्ये १५ ते २४ वयोगटातला जगभरचा बेकारीचा दर १३ टक्के, म्हणजे सुमारे ६.४९ कोटी तरुण, आणि हा पंधरा वर्षांतला नीचांक! चला, बरं चाललंय म्हणायचं. मग पुढचं पान. त्याच वयातल्या दर पाचांत एक जण ना शिक्षणात, ना नोकरीत, ना प्रशिक्षणात. त्यातही दर तिघांत दोन मुली. इंग्रजी आद्याक्षरं जोडून या गटाला ‘नीट’ म्हणतात. ज्यांचं काहीच नीट चाललेलं नाही त्यांना हे नाव कुणाला सुचलं असेल, देव जाणे. हे प्रमाण २०२०पर्यंत बरंच खाली आणायचं, असं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत लिहिलेलं होतं. ती तारीख केव्हाच उलटली.

आणखी एक गंमत. गरीब देशांत बेकारीचा दर पुष्कळदा कमीच दिसतो, कारण बेकार राहायलाही ऐपत लागते. भत्ता नाही, गाठीला काही नाही, तर माणूस बसून राहणार किती दिवस? मिळेल ते करतो आणि आकड्यातून निसटतो. म्हणून आकडे बाजूला ठेवून तुमच्याकडून ऐकायचं आहे: त्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देत होतात, आणि खरं काय चाललेलं होतं? कंपन्यांची, संस्थांची, माणसांची नावं नकोत, स्वतःचंही टोपणनावच लिहा. सल्लेही नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

– बघतोय

घरोघर

माझा अनुभव उलटा आहे. हा प्रश्न मी लोकांना विचारायचो आणि त्याचे मला पैसे मिळायचे. श्रमबळाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांच्या, सर्वेक्षणात कंत्राटावर होतो.

आमच्या अर्जातला कळीचा प्रश्न: मागच्या सात दिवसांत पैशासाठी किंवा घरच्या धंद्यात किमान एक तास काम केलंत का? हो, एक तास. आंतरराष्ट्रीय व्याख्या तशीच आहे. एका घरी एक इंजिनिअर झालेला मुलगा भेटला.

“मामाच्या दुकानात बसतो.”
“किती वेळ?”
“सकाळी नऊ ते रात्री नऊ.”
“पगार?”
तो हसला. मामा कधी पगार देतो का?

मी लिहिलं: रोजगारात, विनावेतन कुटुंब सदस्य. तो अर्जात डोकावून म्हणाला, “म्हणजे मला नोकरी लागली म्हणायची का? आईला सांगू?”

त्याच घरात त्याची बहीण होती. तिच्यासाठीचा प्रश्न होता, गेल्या चार आठवड्यांत काम शोधलं का? उत्तर वडिलांनी दिलं, नाही. बेकार म्हणून नोंद व्हायला तीन अटी लागतात: काम नसणं, शोधत असणं आणि मिळालं तर लगेच करायची तयारी असणं. ‘नाही’ म्हटल्यावर ती थेट श्रमबळाच्या बाहेर. मी पुढच्या रकान्याकडे वळलो तेव्हा ती आतल्या दारातून म्हणाली, “दोन वर्षं अर्ज केले होते. आता उरलंय कुठे करायचं?” तिच्यासाठी माझ्याकडे चौकट होती, नाही असं नाही, पण त्या चौकटीतली माणसं बेकारीच्या मुख्य दरात येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत निदान दोन आकडे जाहीर होतात, एक नेहमीचा आणि दुसरा थकून शोधणं सोडलेल्यांना धरून. दुसरा अर्थातच बराच मोठा असतो.

ती फेरी संपली आणि माझं कंत्राटही. पुढच्या महिन्यात कुणीतरी माझ्या दारावर यायला हवं होतं. आलं नाही. नमुन्यात आमचं घर नव्हतं.

हॉलतिकीट

‘तयारी.’ सहा वर्षं हेच उत्तर.

लोकांना वाटतं अभ्यास जड जातो. अभ्यासाचं काय, त्याची सवय होते. जड जाते ती वाट. जाहिरात निघायची वाट, मग परीक्षेची तारीख, ती पुढे ढकलली की नवी तारीख, पेपर फुटला म्हणून फेरपरीक्षा, निकाल, निकालाविरुद्ध कुणी कोर्टात गेलं की स्थगिती. एका भरतीत माझं नाव यादीत होतं आणि यादीच रद्द झाली. दरम्यान वय थांबत नाही, आणि वयाची अट तर जाहिरातीच्या दुसऱ्याच ओळीत असते. शेवटची दोन वर्षं मी अभ्यासापेक्षा जन्मतारखेची आकडेमोडच जास्त केली.

२०२४च्या जुलैमध्ये बांगलादेशात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तिथल्या सरकारी नोकऱ्यांत ५६ टक्के जागा राखीव होत्या, त्यातल्या ३० टक्के स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना. त्या पद्धतीची बरी-वाईट बाजू हा इथला विषय नाही आणि त्यावर मला वादही घालायचा नाही. पण ओळखीचे लोक म्हणत होते, ‘नोकरीच्या जागांसाठी कुणी गोळ्या झेलतं का?’ तेव्हा मी गप्प बसलो. मला कळत होतं. ज्या देशात पुढच्या महिन्याचा पगार ठरलेल्या तारखेला येईलच असं फक्त एकाच मालकाबद्दल म्हणता येतं, तिथे त्या मालकाच्या दारात गर्दी होणार आणि ते दार अडलं की ढकलाढकलीही होणार. २१ जुलैला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा ७ टक्क्यांवर आणल्या. तोवर पुष्कळ मुलं मेली होती. ५ ऑगस्टला सरकार गेलं.

मी आता एका खासगी शिकवणीत तयारी करून घेतो. म्हणजे उत्तर अजूनही ‘तयारी’च.

रात्रपाळी

“आयटीत आहे.” खोटं नाही म्हणता येणार.

घरी बसून फोटोंतल्या गाड्या, माणसं, सिग्नल यांच्याभोवती चौकटी काढायचो. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना त्यातून शिकवतात म्हणे. पैसे चौकटीमागे. काम कधी येईल याचा नेम नाही, बहुतेक वेळा रात्री दोन-तीनला, आणि येईल तेव्हा जो आधी पकडेल त्याचं. उशाशी लॅपटॉप उघडा ठेवून झोपायचो. घरातल्यांना वाटायचं, पोरगा फार मेहनती आहे.

एक दिवस लॉगिन होईना. ‘गुणवत्तेच्या निकषांमुळे खातं बंद करण्यात आलं आहे.’ तीन आठवड्यांचे पैसे आत होते. फोन करायला नंबर नाही, भांडायला साहेब नाही. निदान दुकानदाराने हाकललं तर त्याच्या दुकानासमोर उभं तरी राहता येतं. इथे कुणासमोर उभं राहू?

दहा-बाराचा पाना

मी जास्त शिकलेलो नाही, तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

‘गॅरेजात शिकतोय’ म्हणायचो. पहिली दोन वर्षं झाडलोट, पाने पुसून मांडणं, उस्तादांनी हात पुढे केला की बरोबर नंबरचा पाना हातात देणं. इंजिन खोललं की मला बाहेर पाठवायचे, कधी पार्ट आणायला, कधी उगाचच. शिकला तर उद्या समोर गॅरेज टाकेल ही त्यांची भीती. त्यांचंही चूक म्हणत नाही, त्यांच्या उस्तादाने त्यांना तसंच वागवलेलं. मी शिकलो ते रात्री, उघडून ठेवलेल्या गाड्यांत टॉर्च मारून. एकदा पकडला गेलो. मार खाल्ला, पण दुसऱ्या दिवसापासून कार्बोरेटर माझ्याकडे.

सर्टिफिकेट नाही. हात बघून ओळखा.

तळटीप

पानावाले, तुमच्यासाठी एक माहिती: पश्चिम आफ्रिकेत, उदाहरणार्थ घानात, शिवणकाम किंवा गाडीदुरुस्ती शिकायला उमेदवाराच्या घरचेच उस्तादाला फी देतात, आणि ही उमेदवारी काही वर्षं चालते. तिथल्या तरुणांची खरी कौशल्यशाळा हीच, सरकारी केंद्रं तिच्यापुढे लहान. बाकी ज्ञान राखून ठेवायची खोड सगळीकडची दिसते.

परतीचं तिकीट

‘बाहेर जातोय.’ अकरा महिने जातच होतो.

एजंटाला अर्धे पैसे आधी, अर्धे व्हिसा आल्यावर. व्याजाने काढले. कागदावर इलेक्ट्रिशियन होतो. विमानतळावर उतरल्यावर दुसरा कागद पुढे आला, परक्या भाषेत, त्यावर सही केली तेव्हा मी सफाई मदतनीस झालो. पासपोर्ट ‘सुरक्षित ठेवायला’ मुकादमाकडे. पहिले चौदा महिने कर्जच फेडत होतो, माझी कमाई सोळाव्या महिन्यात सुरू झाली. मधल्या महिन्यात आजारी होतो.

नोकरी लावून देणाऱ्याने कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७चा करार आहे, क्रमांक १८१. परत आल्यावर कळलं. क्रमांक पाठ झालाय.

हजेरीपट

थोडं कडू बोलतो. मी एका कारखान्यात भरती बघतो. इथे सगळे नोकरी नाही म्हणून रडताहेत, आणि मी मुलं टिकत नाहीत म्हणून. जूनमध्ये ४० घेतली, सप्टेंबरात ११ उरली. कुणाला पाळी नको, कुणाला उभं राहणं नको. बेकार आहात की निवडखोर?

तळटीप

हजेरीपट, राग नका मानू. इथिओपियात दोन अर्थतज्ज्ञांनी पाच कारखान्यांच्या अर्जदारांत चिठ्ठ्या टाकून नोकऱ्या दिल्या आणि मग सगळ्यांचा मागोवा घेतला. नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या महिन्यातच बाहेर पडले, वर्षाअखेर तीन चतुर्थांशांहून जास्त. आळस म्हणावा तर बाहेर त्यांनी दुसरं काम धरलेलं. कारखान्यात मिळकत बाहेरच्या किरकोळ कामांपेक्षा फारशी जास्त नव्हती आणि तब्येतीच्या तक्रारी मात्र जास्त. हिशोब मुलांनाही येतो.

आणि त्यातल्याच एका अर्थतज्ज्ञाचा सहभाग असलेला दुसरा अभ्यास, युगांडातला. २००८मध्ये उत्तर भागातल्या तरुणांच्या गटांना सरकारने धंद्यासाठी रोख अनुदान दिलं, देखरेख जवळजवळ शून्य. उडवतील अशी भीती होती. चार वर्षांनी त्यांची कमाई अनुदान न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त भरली. नऊ वर्षांनी मात्र दोन्ही गट मिळकतीत सारखेच.

बघतोय

म्हणजे योजना फसली?

तळटीप

असंही वाचतात. मी असं वाचतो की बाकीचेही हळूहळू धडपडत तिथवर पोचले. पैशाने यांची मधली काही वर्षं वाचली. तुमच्या तीन वर्षं चार महिन्यांची किंमत तुम्हीच सांगा.

हजेरीपट

काल रजिस्टर काढून बघितलं. गेलेल्या २९ पैकी १७ जण दुसऱ्या पाळीचे. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि शेवटची बस पावणेअकराला आहे. हे मला माहीत होतं. लिहून ठेवलेलं नव्हतं इतकंच. साहेबांना बसबद्दल मेल टाकलाय, उत्तर नाही. ‘निवडखोर’ मागे घेतो. पाळी नको म्हणणारे उरलेले १२ मात्र माझ्या यादीत तसेच राहतील.

मधली खोली

“घरीच असते.”

खरं काय चाललेलं होतं: सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं, दोन मुलं, आणि संध्याकाळी पाच मुलांच्या गणिताच्या शिकवण्या. एम.एस्सी. झाले आहे. घरोघर, तुमच्या अर्जात मी कुठे बसते?

घरोघर

ताई, शिकवणीची फी घेत असाल तर आठवड्याचा तो एक तासही पुरे, तुम्ही रोजगारात. सासूबाईंचं आणि मुलांचं जे करता त्याला २०१३च्या आंतरराष्ट्रीय ठरावापासून ‘काम’ म्हणतात, पण ‘रोजगार’ म्हणत नाहीत. वेगळ्या रकान्यात जातं.

मधली खोली

काम म्हणतात हेही नवीनच कळलं. फी तिघांची येते, दोघांची राहते.

घरोघर

नवीन फेरीचं कंत्राट मिळालंय, तीन महिन्यांचं. सोमवारपासून पुन्हा दारं वाजवतोय. म्हणजे या तिमाहीत मीही रोजगारात.

मधली खोली

अभिनंदन. आमच्या दारी आलात तर फी येते म्हणून रोजगारात धराल, ते धरा. पण ‘आणखी काम हवं आहे का’ हेही विचाराल ना? त्याचं उत्तर हो लिहा. मीच देतेय, आतून कुणाला हाक मारू नका.