दुःखाच्या घरी जाता येत नाही, तेव्हा शेजारधर्म कसा पाळावा?

प्रश्न : कृष्णाकाठ (पलूस तालुका, जि. सांगली), मे २०२१

आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातील कर्ते पुरुष गेल्या आठवड्यात कोरोनाने गेले. प्रकृती बिघडल्यावर त्यांना मिरजेला हलवले होते. तेथेच त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कारही नियमाप्रमाणे तिकडेच महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले. घरात आता वहिनी, त्यांच्या सासूबाई आणि बारावीची परीक्षा लांबल्यामुळे घरीच असलेली मुलगी अशा तिघी आहेत. तिघींचेही अहवाल पॉझिटिव्ह आले असून त्या घरातच विलगीकरणात आहेत.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी आणि भावकी पिठले-भाकरी पोहोचवतात, बायका घरातल्या बाईजवळ बसून राहतात, पुरुषमंडळी ओट्यावर बसतात आणि रक्षाविसर्जनाला सारे गाव नदीवर येते. यांतले काहीच झालेले नाही. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येतो आणि माझी आई अलीकडे बसून राहते.

या कुटुंबाचे आमच्यावर मोठे ऋण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते तेव्हा, दादांनी आधी आमची जनावरे बाहेर काढली, मग स्वतःची, आणि पाणी ओसरेपर्यंत आम्हा सर्वांना आपल्या मळ्यातील उंचावरच्या घरात ठेवून घेतले. त्या दिवसांत वहिनींनी आमच्या माणसांसाठी भाकरी थापल्या, त्याबद्दल त्या पुन्हा कधी चकार शब्द बोलल्या नाहीत.

त्यांची म्हैस आम्ही आमच्या गोठ्यात आणून बांधली आहे. वैरण आम्ही घालतो, धार माझी आई काढते. तरीही 'त्या घरचे दूध' म्हणून गावातील संकलन केंद्रावर ते नाकारले जाते. वहिनींना हे अजून सांगितलेले नाही.

जवळ न जाता जवळ कसे असावे, हे मला विचारायचे आहे. त्याचबरोबर दादांना मिरजेला नेणारा रुग्णवाहिकेचा चालक, त्यांची शुश्रूषा करणारे आणि आमच्याऐवजी अग्नी देणारे कर्मचारी यांतील एकाचेही नाव आम्हाला ठाऊक नाही. त्यांचे आभार मानायचे तर कसे मानावेत?

उत्तर : मिरजेची परिचारिका

मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या कोविड कक्षात काम करते. दादा आमच्याकडे होते की नाही हे मला माहीत नाही, पण अशी अनेक घरे मी फोनवरून पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रथम भाकरीविषयी. ती अवश्य पोहोचवा. हा विषाणू मुख्यतः श्वासावाटे आणि बंद, कोंदट जागेत पसरतो. डबा ओट्यावर ठेवून मागे सरायचे, परत आलेली भांडी साबणाने घासायची आणि हात धुवायचे, एवढी काळजी पुरेशी आहे. आपल्या आईंनी मास्क लावून अंगणात, चार हात लांब, मोकळ्या हवेत उभे राहावे आणि वहिनींनी मास्क लावून खिडकीशी बसावे. अशा रीतीने दोघींना बोलता येईल, आणि भिंतीआडून ऐकत राहण्यापेक्षा समोर उभे राहून रडू देणे कितीतरी बरे.

बोलताना काय टाळावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. 'उशीर का केला', 'लस घेतली नव्हती का', 'अमुक दवाखान्यात न्यायला हवे होते' हे प्रश्न कृपा करून कोणीही विचारू नयेत. त्या बाई रात्रभर स्वतःला हेच विचारत असतात. 'धीर धरा, मुलीकडे बघा' हेही पहिल्या काही दिवसांत नको. दादांविषयी बोला, नाव घेऊन बोला. महापुरात त्यांनी काय केले ते आपण इथे लिहिले आहे, तसेच ते वहिनींना आणि विशेषतः त्यांच्या लेकीला सांगा. वडिलांचा शेवटचा निरोप ज्या मुलीला घेता आला नाही, तिला त्यांची अशी एक गोष्ट फार मोलाची वाटेल.

आता एक इशारा देते, कारण आमच्या कक्षात हे घडताना पाहिले आहे. दुःखाच्या घरात दम लागणे, जेवण न जाणे, अंथरुणाला खिळून राहणे या सर्वांचा अर्थ 'रडून रडून असे झाले आहे' असा लावला जातो आणि आजार वाढत असल्याचे कोणाच्याच ध्यानात येत नाही. सासूबाईंच्या ऑक्सिजनची पातळी सकाळ-संध्याकाळ बघण्यास मुलीला सांगा आणि तो आकडा फोनवरून रोज विचारून लिहून ठेवा. पातळी ९४ च्या खाली गेली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. माझ्या मते या घडीला आपण करू शकाल असे हे सर्वांत मोठे काम आहे.

रक्षेविषयी गावात भीती असेल, तर हे सांगता येईल : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की रक्षेपासून कोणताही धोका नाही आणि ती अंत्यविधीसाठी गोळा करता येते. रक्षा जपून ठेवली गेली असेल, तर विलगीकरण संपल्यावर वहिनींच्या आणि मुलीच्या हातून विसर्जन होऊ शकेल. तोपर्यंत कोणी घाई करू नये.

आभारांचे म्हणाल, तर पत्र लिहा. ज्यांचे नाव माहीत नाही त्यांना तारीख, कक्ष आणि खाटेच्या क्रमांकावरून पोहोचता येते. मागील लाटेत तासगावकडील एका कुटुंबाने बेदाण्यांची पेटी आणि वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी पाठवली होती. त्यांचे वडील वाचले नव्हते. चिठ्ठीत पहिले नाव कक्षातील मावशींचे होते, कारण वडिलांनी फोनवर 'इथल्या मावशी मला चहात बिस्किट बुडवून देतात' असे सांगितले होते. ती चिठ्ठी आम्ही पीपीई किट चढवण्याच्या खोलीत आतल्या बाजूने चिकटवली आहे. किट अंगावर असताना तासन्‌तास पाणी पिता येत नाही. आत जाण्याआधी ती वाचून जायचे, असे आमच्यातील बऱ्याच जणींचे ठरून गेले आहे.

उत्तर : आटपाडीचा गलाईवाला

मी गलाई व्यवसायात असून अनेक वर्षे तमिळनाडूत राहतो. आमच्या आटपाडी-खानापूर भागातील हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर विखुरलेली आहेत, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना माहीतच आहे. मागील वर्षी टाळेबंदीत काम बंद पडले, तेव्हा आमच्या गल्लीतील एका तमिळ कुटुंबाने आम्हाला आपल्या घरचा शिधा दिला. पुढे परवाना मिळून गावी पोहोचलो, तर वेशीवर काटेरी झुडपे टाकलेली होती आणि आम्हाला शाळेत ठेवण्यात आले. परक्या मुलखाने आधार दिला आणि आपल्या गावाने तोंड फिरवले, ही बोच अजून आहे. मात्र गावाची बाजूही मी समजू शकतो, कारण त्या दिवसांत कोणालाच काही नीट ठाऊक नव्हते.

मला येथे एवढेच सांगायचे आहे की त्या शाळेत असताना माझा एक बालमित्र रोज संध्याकाळी कुंपणापलीकडे येऊन उभा राहत असे. तो सांत्वन वगैरे काही करत नसे. पाऊस कधी येईल, डाळिंबाला काय भाव आहे, माझ्या घरच्यांचे कसे चालले आहे, एवढेच बोलून तो जाई. पण तो ठरल्या वेळी येणार, याची खात्री होती. आपण वहिनींसाठी वेळ ठरवून घ्या. पहिल्या दोन दिवसांत वीस जणांचे फोन येतात आणि नंतर महिनाभर कोणाचाच येत नाही, तेव्हा ठरल्या वेळी येणारा एकच माणूस पुरतो.

उत्तर : आशा सेविका (खटाव तालुका, जि. सातारा)

आपल्या गावातील आशाताई त्या घरी जात असतीलच. त्यांच्या वतीने दोन शब्द लिहिते.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता सगळीकडे टाळ्या आणि थाळ्या वाजल्या, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले होते. त्याची थट्टा केलेली मला आवडत नाही. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आम्ही तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरू लागलो, तेव्हा काही घरांनी दार उघडले नाही आणि काहींनी ताप असूनही 'आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत' असे सांगितले. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून एप्रिल २०२० मध्ये साथरोग कायद्यात बदल करावा लागला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. आम्हाला पगार नाही, कामावर आधारित मोबदला मिळतो, आणि तो वेळेवर मिळेलच असेही नाही.

म्हणून आभार मानायचे असतील, तर माझी अपेक्षा अगदी साधी आहे. आशाताईंना खरी माहिती द्या. उन्हात फिरत येतात, तेव्हा ओट्यावर बसायला सांगा आणि तांब्याभर पाणी द्या. पाणी देतानाही कचरणारी घरे आम्ही पाहिली आहेत. आणि त्यांच्या घरातही लहान मुले आणि म्हातारी माणसे आहेत, त्यांची विचारपूस करा. 'तुमच्या घरी सगळे बरे आहेत ना?' हा प्रश्न मला या वर्षभरात फार थोड्या लोकांनी विचारला आहे.

मिरजेच्या ताईंनी सांगितलेला ऑक्सिजनचा आकडा आशाताईंनाही रोज कळवा, म्हणजे दोन्हीकडे नोंद राहील.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

दुधाच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. हा अन्याय आहे आणि तो गोडीगुलाबीने, पण ताबडतोब दूर केला पाहिजे. म्हैस आपल्या गोठ्यात आहे, धार निरोगी व्यक्ती काढते, दूध पुढे तापवले जाते आणि अन्नातून हा आजार पसरल्याचा पुरावा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून तसे दोन ओळींत लिहून घ्या, सरपंचांना बरोबर घ्या आणि केंद्रचालकांशी एकांतात बोला. चारचौघांत बोलल्यास त्यांना माघार घेणे जड जाईल. तोवर त्या दुधाचे पैसे आपण स्वतः वहिनींच्या हिशेबात मांडून ठेवावेत, असे मी सुचवतो.

सावित्रीबाई फुले आमच्या जिल्ह्यातील नायगावच्या. पुण्यातील प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना त्यांना तोच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे स्मरण मी यासाठी करतो की त्यांच्या करुणेला व्यवस्थेची जोड होती. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला होता आणि त्या रोग्यांना तेथपर्यंत पोहोचवत होत्या. वहिनींच्या बाबतीतही आता व्यवस्थेची गरज लागणार आहे, आणि त्याबद्दल शेजाऱ्यांखेरीज त्यांना कोणी सांगणार नाही.

मृत्यू मिरजेत झाला आहे, तेव्हा दाखला तेथील महापालिकेकडून मिळेल. त्याच्या पाच-सहा प्रती घ्या. दादांचे बँकेचे पासबुक नीट पाहा. मागील वर्षी मे-जूनच्या सुमारास ३३० रुपये वजा झालेले दिसले, तर तो बहुधा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता असेल. तसे असल्यास वारस म्हणून नोंदलेल्या व्यक्तीला २ लाख रुपये मिळतात, आणि कोरोनाने झालेला मृत्यूही त्यात धरला जातो. खेड्यापाड्यांत अनेकांच्या खात्यातून हा हप्ता जातो आणि घरात कोणालाच त्याची कल्पना नसते. सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी तलाठ्यांकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा आणि त्यात वहिनींचे आणि मुलीचे नाव आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. भावकीतील कोणी 'तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही बघतो' म्हटले, तरी पाहावे. विकास सोसायटीचे कर्ज आणि कारखान्याकडून येणे असलेले उसाचे बिल यांचीही एका वहीत नोंद करा. मात्र हे सर्व आजच वहिनींपुढे मांडू नका. कागद आपण गोळा करून ठेवा, त्या विचारतील तेव्हा द्या.

प्रश्नकर्ता : कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आई काल संध्याकाळी अंगणात उभी राहून वहिनींशी बराच वेळ बोलली. आता रोज दिवेलागणीच्या आधीची वेळ ठरली आहे. मुलीला मी पुरातील प्रसंग सांगितला. आमची म्हैस दावे तोडून पाण्यात शिरली होती, तेव्हा वडिलांनी तिला शिंगांना धरून वळवले होते, हे तिला माहीतच नव्हते. तिने मला तो प्रसंग पुन्हा सांगायला लावला.

सासूबाईंचा आकडा आज सकाळी ९५ आणि संध्याकाळी ९६ होता, तो आशाताईंनाही कळवला आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्यावर दूध घेण्यास केंद्रचालक तयार झाले आहेत. ते स्वतःहून वहिनींना फोन करतील असेही म्हणाले, पण अजून केलेला नाही. पासबुक वहिनींकडे आहे, ते मी अद्याप मागितलेले नाही.

एक शंका राहिली आहे. मुलीला वडिलांच्या कक्षातील लोकांना स्वतः पत्र लिहायचे आहे, पण खाटेचा क्रमांक आमच्याकडे नाही.

उत्तर : मिरजेची परिचारिका

क्रमांक नसला तरी चालेल. दाखल केल्याची आणि निधनाची तारीख, वडिलांचे पूर्ण नाव आणि गाव लिहून पाकिटावर 'कोविड कक्ष, प्रभारी परिचारिका' असे लिहावे. नोंदवहीवरून त्या पाळीत कोण होते ते काढता येते, त्यात मावशी आणि वॉर्डबॉयही येतात. अंत्यसंस्कार करणाऱ्यांसाठी वेगळे पत्र महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे पाठवा. तिला सांगा की मोठे लिहिण्याची गरज नाही, आणि वडिलांना घरी काय म्हणून हाक मारत होते ते जरूर लिहावे.