पहिला कृष्णवर्णीय इंटरनॅशनल फुटबॉलर नक्की कोण? (आणि असे अजून किती विसरलेत)

डावाविंगर:
लोकहो, एक वाद मिटवा. मित्रांच्या क्विझमध्ये प्रश्न आला, पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलर कोण. मी छातीठोकपणे आर्थर व्हार्टन म्हणालो आणि तोंडावर पडलो. उत्तर म्हणे अँड्र्यू वॉटसन. हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि मी स्वतःला फुटबॉलवेडा समजतो 😅 कोण हा माणूस? आणि त्या सुरुवातीच्या काळातले असे अजून कोणी असतील तर सांगा, पेले-मॅराडोना सगळ्यांना पाठ आहेत.

जुनास्कोअरकार्ड:
मार्क विसर, मित्र बरोबर आहे. व्हार्टन पहिला कृष्णवर्णीय प्रोफेशनल म्हणून ओळखला जातो, गोलकीपर होता, पण देशाकडून तो खेळलाच नाही.

वॉटसनचा जन्म १८५६ चा, डेमरारातला, म्हणजे आताच्या गयानातला (दक्षिण अमेरिका). वडील स्कॉटिश, उसाच्या मळ्यांच्या धंद्यातले, आई तिथलीच. शिक्षण इंग्लंडमध्ये, नंतर ग्लासगो युनिव्हर्सिटी, तिकडेच फुटबॉल. खेळायचा फुल बॅक (म्हणजे बचावफळीत), आणि क्वीन्स पार्ककडून, जो तेव्हा स्कॉटलंडचा दादा क्लब होता. आता ऐक. १२ मार्च १८८१, लंडनचं ओव्हल, समोर इंग्लंड. देशाकडून पहिलीच मॅच आणि त्यातच कॅप्टन! स्कॉटलंडने ६-१ ने धुतलं. घरच्या मैदानावर इंग्लंड याहून जास्त फरकाने आजपर्यंत हरलेलं नाही. दोन दिवसांनी वेल्सला ५-१, पुढच्या वर्षी परत इंग्लंडला ५-१. तीन मॅच, तिन्ही जिंकल्या, टीमने १६ गोल मारले आणि ३ खाल्ले.

मग तो लंडनला राहायला गेला आणि संपलं, कारण तेव्हा स्कॉटलंडची टीम स्कॉटलंडात खेळणाऱ्यांमधूनच निवडायचे. देशाकडून चौथी मॅच (कॅप) मिळालीच नाही. पुढे जहाजांवर इंजिनिअर झाला, १९२१ मध्ये लंडनला वारला. त्याची कबर कित्येक वर्षं दुर्लक्षित पडली होती, अगदी अलीकडे दुरुस्त केली.

मला राग याचा येतो की माहिती कुठे दडलेली नव्हती. टीमच्या फोटोत तो चक्क आहे, सगळ्यांना दिसेल असा. फक्त तो कोण हे कोणी विचारलं नाही आणि पुस्तकं एकमेकांवरून उतरवत बसली.

ऑफसाइडआजोबा:
वॉटसनवर छान लिहिलंस. मी त्याच्याही मागे जातो, ३० नोव्हेंबर १८७२, पहिली अधिकृत इंटरनॅशनल, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. ग्लासगोजवळ पार्टिकला, आणि मैदान चक्क क्रिकेट क्लबचं! साधारण ४००० लोक आले, निकाल ०-०. गोलवर आडवा दांडा नव्हता, फीत बांधलेली असायची, आणि स्कॉटलंडच्या लेकीने मारलेला एक बॉल त्या फितीवरच जाऊन पडला म्हणे, नाहीतर इतिहासच वेगळा.

स्कॉटलंडचे अकराच्या अकरा क्वीन्स पार्कचे, रोजचे एकत्र खेळणारे. अंगाने इंग्लंडवाल्यांपेक्षा बरेच हलके, म्हणून बॉल एकमेकांना देत खेळले. इंग्लंडचे म्हणजे ज्याच्या पायात बॉल तो मान खाली घालून सुटला. आज आपण ज्याला पासिंग म्हणतो ते मोठ्या मॅचमध्ये तिथे दिसलं. स्कॉटलंडचा कॅप्टन गोलकीपर रॉबर्ट गार्डनर. आता खरं सांगा, हे नाव किती जणांनी ऐकलंय?

इंग्लंडचा कॅप्टन कथबर्ट ऑटवे, क्रिकेट, रॅकेट्स, अ‍ॅथलेटिक्स, सगळ्यात पुढे. २७ व्या वर्षी गेला, सांगतात की रात्रभर नाचून आला आणि थंडी बाधली.

आणि त्या दिवसाचा फोटोच नाही. फोटोग्राफर आला होता, पण गडी तोंडं वाकडी करत उभे राहिले आणि फोटो विकत घ्यायची हमी कोणी देईना, तेव्हा तो कॅमेरा गुंडाळून गेला असा किस्सा आहे 😂

जुनास्कोअरकार्ड:
@ऑफसाइडआजोबा आणि अल्कॉकला विसरलात! चार्ल्स अल्कॉक, एफएचा (इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा) सेक्रेटरी, ही मॅच जमवण्यामागे तोच. खेळणारही होता पण दुखापत झाली म्हणून अंपायर (तेव्हा फुटबॉलमध्येही असायचे) म्हणून उभा राहिला. एफए कप ही कल्पना त्याचीच, आणि क्रिकेटवाल्यांनो, १८८० ची इंग्लंडमधली पहिली टेस्ट जमवण्यातही त्याचाच हात.

नेटमागची:
सगळे पुरुषच का हो? १९२० मध्ये इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या बायकांची डिक, कर लेडीज टीम फ्रान्सच्या टीमशी खेळली, त्याच वर्षी बॉक्सिंग डेला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांची मॅच बघायला ५३,००० लोक आले. पुढच्या डिसेंबरात एफएने क्लबांना सांगितलं, बायकांना मैदान देऊ नका. ही बंदी जवळजवळ ५० वर्षं! वॉटसनला लोक विसरले म्हणता, यांना तर गेटबाहेर काढून कुलूप लावलं. लिली पारबद्दल वाचा, १४-१५ वर्षांची असताना टीममध्ये आली आणि शॉट असा की भलेभले कीपर घाबरायचे.

डावाविंगर:
अरे एका प्रश्नाला केवढं मिळालं, थँक्स सगळ्यांना. क्विझवाल्याला आत्ताच फोन करून हार मान्य केली आणि लगेच उलटा प्रश्न टाकला, पहिल्या इंटरनॅशनलचा स्कॉटिश कॅप्टन कोण. गप्प बसलाय 😎 @नेटमागची लिली पारवर वेगळा धागा काढ ना, मी पहिली कमेंट टाकतो.