सकाळच्या रांगेत प्रोग्राम पडतोय. क्रॅश झाकणारा पॅच घ्यावा का?

निपाणी_दुरुस्ती

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे.

निपाणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. फावल्या वेळात दूध संकलन केंद्रांसाठी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिलाय. सभासद नंबर टाकायचा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) घ्यायचं, दरपत्रक बघून रक्कम काढायची आणि थर्मल प्रिंटरवर पावती द्यायची. पावती मराठीत पाहिजे तर मराठीत, कन्नडमधे पाहिजे तर कन्नडमधे. आमच्याकडं एकाच रांगेत दोन्ही लागतात. सोर्स जीपीएलखाली खुला ठेवलाय. चिक्कोडी-हुक्केरी बाजूची नऊ केंद्रं तो वापरतात. सोर्स कुणी उघडून बघितला असेल असं वाटत नाही, खरं बंद पडला की फोन मलाच येतो.

तर गेल्या महिन्यापासून एका केंद्रावर सकाळी सहा-साडेसहाच्या रांगेत प्रोग्राम धाडकन बंद होतोय. सेक्रेटरींचा फोन ठरलेला, "मास्तर, तुमचं यंत्र परत झोपलं बघा." मागं किटल्या घेऊन चाळीस माणसं उभी. मी दुकानात बसून तेच लिटर, तेच फॅट टाकतो, काही म्हणजे काही होत नाही. सेक्रेटरींचं म्हणणं असं की ठरावीक तीन बायकांचं दूध आलं की पडतंय. मी हसलो. प्रोग्रामला बाई-माणूस काय कळतंय?

खरं त्रास हसण्यासारखा नाही. पडतो तेव्हा नोंद फाइलमधे गेलेली असते, पावती तेवढी निघत नाही. सेक्रेटरी परत चालू करून नोंद परत मारतात. दहा दिवसांचं बिल काढलं तर एका बाईंच्या नावावर एकाच सकाळी दोन दुधं. पुढच्या वेळी सेक्रेटरींनी शहाणपणा करून परत नोंद मारली नाही, तर त्या म्हणाल्या पावती कुठाय.

आता मुद्दा. बेळगावच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं आपणहून पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवलाय. क्रॅशचे सिग्नल पकडायचे आणि लाँगजंप मारून, म्हणजे चालू काम तिथंच सोडून, सरळ मुख्य मेनूवर यायचं. सुबक लिहिलाय, कॉमेंटी आहेत. केंद्रावर दोन दिवस चालवून बघितला, एकदाही पडला नाही. सेक्रेटरी खूश. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या बक्षिसासाठी रीडमीमधे नुसता स्वल्पविराम टाकून पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) पाठवणारे पुष्कळ बघितलेत, हा तसला नाही. माझाच हात मर्जच्या (बदल मूळ कोडमधे घ्यायच्या) बटणावर अडलाय. कारण कळल्याशिवाय घ्यावं का? का रांग महत्त्वाची, कारण मागाहून?

टिळकवाडी_ते_पुणे

दादा, मर्ज करू नका अजून.

तीन बायका म्हणालात तिथंच माझे कान टवकारले. नावांत जोडाक्षरं आहेत का? २०१८च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका 'ज्ञा'नं आयफोन कोलमडत होते, ॲपलला त्याच्यासाठी ११.२.६ काढावं लागलं. मला तरी फॉन्ट नाहीतर शेपिंगचा (अक्षरं जोडून दाखवण्याचा) घोळ वाटतो. पावती पँगोनं (मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीनं) काढता ना?

तर्क बाजूला ठेवू. डीबग माहितीसकट बिल्ड करून ते केंद्रावर टाका, कोअर डंप, म्हणजे पडतानाची मेमरी फाइलमधे ठेवणं, चालू ठेवा (लिनक्सवर सेवा सांभाळणारं सिस्टमडी असेल तर साठवलेले डंप कोअरडंपसीटीएलनं बघता येतात) आणि जीडीबी या डीबगरमधला बॅकट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनात पडला ती साखळी, इथं चिकटवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या यादीनं नव्हे, त्या केंद्राच्या खऱ्या यादीनं चालवा. दुकानात तुम्ही कुठली नावं टाकता?

आणि कंपाइल करताना वॉर्निंग किती येतात?

निपाणी_दुरुस्ती

दुकानातल्या यादीत नावं 'अबक', 'टेस्ट १' अशी आहेत. लाज वाटली लिहिताना.

वॉर्निंगचं विचारू नका. मागं एकदा ११२ आल्या होत्या, म्हणून मेकफाइलमधे छोटा डब्ल्यू टाकून सगळ्या गप्प केल्या. तेव्हापासून घरात शांतता आहे.

आज पहाटे पॅच नसलेला प्रोग्राम घेऊन केंद्रावर जाऊन बसलो. पडला. शेवटचा निरोप 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड', बॅकट्रेस पावतीची ओळ जुळवणाऱ्या फंक्शनात संपतोय. तिथं नाव एका ४० बाइटच्या ओळीत कॉपी होतं. स्ट्रक्चरमधे (नोंदीच्या साच्यात) नावाला ३२ बाइट आहेत, त्यामुळं ४० पुरायला पाहिजेत ना?

अजून एक. ड्रॉवरमधे त्याच बाईंची जानेवारीतली जुनी पावती सापडली. तेव्हा क्रॅश नव्हता. त्यावर नाव असं छापलंय: 'सौ. लक्ष्मीब३३३३३३', मग एक चौकोन, मग @. गंमत म्हणजे माझ्या पावतीवर आकडे सगळे मराठी असतात, हे सहा तीन मात्र इंग्रजी आहेत. सेक्रेटरी म्हणाले, आम्हाला वाटलं प्रिंटर म्हातारा झाला. फॅट ६.३, एसएनएफ ९.०.

खानापूर_सी_शिकवते

फॉन्टचा काही दोष नाही. जोडाक्षराचाही नाही. फोड सांगते.

यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, कन्नडचीही. 'लक्ष्मीबाई' मोजा: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई. दहा खुणा, ३० बाइट, मजकूर संपला हे सांगणारा शेवटचा शून्य धरून ३१. तुमच्या ३२ मधे जेमतेम मावलं. मग यादीत कुणीतरी 'सौ.' लावलं. 'सौ'चे ६, टिंबाचा १, जागेचा १, एकूण ८ वाढले. ३२ मधून ८ गेले, राहिले २४, म्हणजे आठ खुणा: लक्ष्मीब. पावतीवर नाव तिथंच तुटलंय.

तुम्ही स्ट्रएनकॉपी (ठरावीक बाइटपर्यंत मजकूर कॉपी करणारं सीचं फंक्शन) वापरलंय, पैजेवर सांगते. मूळ मजकूर मर्यादेइतका किंवा जास्त असला तर ते शेवटी शून्य लावत नाही. म्हणजे नावाला शेवटच नाही. वाचणारा पुढं वाचत सुटतो, आणि पुढं काय आहे? तुमचं फॅट, डबल या ८ बाइटच्या दशांशी प्रकारात. ६.३ हा डबल मेमरीत ३३ ३३ ३३ ३३ ३३ ३३ १९ ४० असा बसतो, सोळाच्या पायात. आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या संकेतात, ३३ म्हणजे '३' हा आकडा आणि ४० म्हणजे @. मधला १९ न छापता येणारा, त्याचा चौकोन झाला. पावतीवर तुम्ही फॅट छापलंय, फक्त नावाच्या ओळीत.

त्या दिवशी एसएनएफ ९.० होतं. त्याचा पहिला बाइट शून्य, म्हणून वाचन तिथं थांबलं. ४० बाइट झाले, ४१वा शून्य हद्दीबाहेर पडला, आणि लिनक्सवर स्टॅकच्या राखणीला ठेवलेल्या कॅनरीचा पहिला बाइट शून्यच असतो, तेव्हा पहारेकऱ्यालाही कळलं नाही. एसएनएफ ९.१ आलं की तेही ओळीत घुसतं, कॅनरी मोडते, प्रोग्राम पडतो. गेल्या महिन्यात केंद्रावर एसएनएफ दशांशात द्यायला लागले का? दुकानात एक प्रयोग करा: तेच नाव, फॅट ६.१, एसएनएफ ९.०. सहा इंग्रजी 'एफ' दिसतील.

आता पॅचबद्दल. जानेवारीपासून तुमचा प्रोग्राम चुकतच होता, पडत नव्हता एवढंच. २०१४चं हार्टब्लीड याच जातीचं: ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आलेल्या मजकुराच्या पुढं जाऊन शेजारची मेमरी वाचून पाठवत होती, एका वेळी ६४ केबीपर्यंत. सर्व्हर मजेत चालू. मार्च २०१२च्या आवृत्तीतली चूक एप्रिल २०१४मधे उघड झाली. तुमची चूक तीन महिन्यांत सापडली ती पडण्यानं सापडली. लाँगजंप मारून आला असतात तर स्टॅक मोडलेला, पावती नाही, आणि बिलातली दुहेरी नोंद तशीच.

जीसीसी या कंपायलरमधे ८व्या आवृत्तीपासून स्ट्रएनकॉपीच्या नेमक्या या वापरावर वॉर्निंग आहे. तुमच्या त्या ११२ मधे ती असणार. छोटा डब्ल्यू काढा. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतली घुसखोरी पकडणारं साधन) लावून केंद्राची खरी यादी चालवा. स्ट्रक्चरच्या आतली घुसखोरी त्याला दिसत नाही, पण ४०च्या ओळीवर तो पहिल्याच झटक्यात बोट ठेवेल. आणि नाव बाइट मोजून तोडू नका, आख्खं पँगोला द्या, रुंदीत बसेना तर तोच शेवटी टिंबं देतो.

सहावं_सेमिस्टर

पॅच माझाच आहे. मॅडमचं वाचून घाम फुटला. मला फक्त सरांचा 'बंद पडतोय' असा इश्यू दिसला, म्हणून बंद पडणं थांबवलं. माझ्याकडं खरी यादी नव्हती, पावतीही नव्हती. पुल रिक्वेस्ट मागं घेऊ का सर?

शहापूर_माग

मी प्रोग्रामर नव्हे, नेटवर्कची कामं करतो. घरी चार माग आहेत. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो, त्याला एक काटा असतो. पोरवयात मी तो काटा तारेनं बांधून ठेवला होता, सारखा थांबतोय म्हणून. बाबांनी काय केलं ते लिहीत नाही. वीतभर लुगडं नुसत्या ताण्याचं निघालं.

पण मॅडम, एक म्हणतो. माग थांबला तर मी शेजारी असतो. केंद्रावर सहा वाजता मास्तर नसतात. पडू दे, हरकत नाही, पण पडल्यावर दोन सेकंदांत आपोआप उठू दे. सिस्टमडीला सांगा, अपयशानं बंद पडलं तर परत चालू कर. कोअर डंप राहतोच, पुरावा जात नाही. आणि उठल्यावर पहिल्यांदा शेवटची नोंद दाखवून विचारा: 'ही पावती निघाली का?' दुहेरी नोंद तिथंच मरते. झाकणं वेगळं, उठून उभं राहणं वेगळं.

निपाणी_दुरुस्ती

मॅडम, ६.१ टाकलं. सहा एफ आले. दुकानात एकटाच ओरडलो, समोरचा चहावाला बघायला आला.

स्ट्रएनकॉपीच होतं. 'सौ.'चाही उलगडा झाला. जानेवारीत सेक्रेटरींनी कुठल्याशा अर्जासाठी बायकांच्या नावाआधी 'सौ.' लावलं आणि तीच यादी प्रोग्रामात भरली. लांब नावाच्या तिघीच निघाल्या. आणि गेल्या महिन्यात नवीन मशीन आलं. त्याआधी एसएनएफ हातानं ९.० ठोकत होते. सेक्रेटरी बरोबर होते, मीच हसलो होतो. त्यांना फोन करून तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग 'सौ.' काढू का?" नको म्हटलं, राहू दे.

छोटा डब्ल्यू काढला. आता ११२ नाहीत, १३१ आहेत. एका बैठकीत होणार नाही. आधी मजकूर कापण्याच्या वॉर्निंगा घेतल्या, त्या सात. त्यातली एक गावाच्या नावाची होती, तीही अशीच उघडी. बाकीच्या मोजून ठेवल्यात, नवीन पॅचनं आकडा वाढला तर घ्यायचा नाही एवढं ठरवलंय.

शहापूरकर, तुमचं दोन सेकंदांचं घेतलं. शेवटच्या नोंदीचा प्रश्नही, मराठी आणि कन्नड दोन्हीत.

तम्मा, पुल रिक्वेस्ट बंद करू नकोस, त्यातलं सिग्नलचं तेवढं काढ. तुझ्याकडं यादी नव्हती, ही चूक माझी. खरी नावं देता येणार नाहीत, खरं तेवढ्याच लांबीची बनवलेली दोनशे नावं टाकतो रिपॉझिटरीत, निम्मी कन्नड. त्यांच्यावर फॅट ३.० ते ९.९, एसएनएफ ७.५ ते ९.९ सगळं फिरवणारी टेस्ट लिही. आधी जुन्या कोडवर चालव, ती पडायला पाहिजे. पडली की मला कळव, मग नवीन कोड चढवू.

उद्या सकाळी सहाला केंद्रावर आहे. लक्ष्मीबाईंना नवीन पावती द्यायची आहे.